घरात कोणीतरी आहे

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय. भाषा जरा सैल वाटली तर सांभाळून घ्या.

मागचा भाग शकुंतला रेल्वेवर होता. या वेळी रूळ सोडून थेट भुतांकडे जायचंय. म्हणजे भुतांकडे नाही, भुतं ओळखणाऱ्या यंत्रांकडे. आजकाल कोणीही विचारतं, "स्मार्ट होमचा सेन्सर रात्री आपोआप लागतो, काय असेल?" मोबाइलवर अशा व्हिडिओंचा ढीग आहे: रिकाम्या खोलीत दिवा लागतो, रिकाम्या जिन्यावर कॅमेरा चौकोन काढून सांगतो की इथे माणूस आहे. मार्च २०१८ मध्ये ॲमेझॉनची अलेक्सा लोकांच्या घरात मधेच हसायला लागली होती, आठवत असेल. 'अलेक्सा, हस' असं कोणीतरी म्हणालं असा यंत्राचा गैरसमज होत होता, हे कंपनीने मान्य केलं आणि ते वाक्यच बदलून टाकलं. पण मध्यरात्री अंधारात ते हसू ऐकलेल्या माणसाला हे दुसऱ्या दिवशी कळून काय उपयोग?

हा विषय मी निवडला त्याचं कारण घरचं आहे. तिथूनच सुरू करतो.

आमचं गाव यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना लागतं. आजोबा जानेवारी २०२३ मध्ये गेले. मातीच्या भिंतींच्या त्या मोठ्या घरात उरल्या आजी आणि धाकटी काकू. काका आधीच वारलेले. मी पुण्यात कोड लिहितो, दोन-तीन महिन्यांतून एकदा गावी जातो. एप्रिलमध्ये गेलो तेव्हा आजी रात्री उठून पडली तर कळावं म्हणून माजघरात एक सेन्सर बसवला. विकतचा नाही, स्वतः जोडलेला. शे-दीडशे रुपयांचा हालचाल ओळखणारा सेन्सर, त्याला वायफायची छोटी चिप, एक स्मार्ट बल्ब. हालचाल झाली की बल्ब लागणार आणि मला, चुलत भावाला आणि आणखी दोघा-तिघा नातेवाइकांना मोबाइलवर संदेश जाणार. संदेशाचा मजकूर मीच लिहिला होता: 'माजघरात कोणीतरी आहे.'

हे वाक्य लक्षात ठेवा.

आता पुण्याला जाऊ, पण शंभर वर्षांपूर्वीच्या. महाराष्ट्रात घरातल्या अशा प्रकारांची सर्वांत तपशीलवार नोंद कुठल्या वाड्यावरच्या मांत्रिकाने केलेली नाही. ती झाली ज्ञानकोशकार केतकरांच्या घरात. हो, तेच डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर, ज्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड उभे केले. आपल्या वऱ्हाडाशी त्यांचं नातं आहे: शाळा अमरावतीत झाली, ज्ञानकोशाचं कामही आधी नागपुरात सुरू झालं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी पीएचडी केली. १९२० मध्ये एडिथ कोहन या जर्मन ज्यू बाईंशी लग्न केलं, त्या शीलवतीबाई झाल्या. शीलवतीबाईंची बहीण मिस कोहन पुण्यात भाषा शिकवायची. विंटरनित्झच्या भारतीय साहित्याच्या इतिहासाचं इंग्रजी भाषांतर शीलवतीबाईंनी केलं आणि दुसऱ्या खंडावर दोघी बहिणींची नावं आहेत. म्हणजे घर कसलं होतं हे लक्षात घ्या. अडाणी वगैरे म्हणून उडवून लावावं असं ते घर नव्हतं.

१९२० च्या दशकाच्या शेवटी याच घरात वाढणाऱ्या दामोदर नावाच्या लहान मुलाभोवती वस्तू उडायला लागल्या. बाटल्या फेकल्या जायच्या, बंद खोलीत नाणी पडायची. त्याच्या मोठ्या भावाबद्दल तर अशी नोंद आहे की एका सकाळी तो दारात रबरी चेंडूसारखा एकदम अवतरला आणि म्हणाला, मी आत्ता कर्जतहून आलो. मिस कोहननी हे सगळं लिहून ठेवलं. हे टिपण त्यांनी लंडनच्या हॅरी प्राइस नावाच्या माणसापर्यंत पोचवलं आणि १९३० मध्ये दोघांच्या नावाने अमेरिकेतल्या एका नियतकालिकात लेख आला. त्या काळच्या पाश्चात्त्य भूतसंशोधकांच्या वर्तुळात 'पुण्याचं प्रकरण' प्रसिद्ध झालं. आपल्याकडे केतकरांवर इतकं लिहिलं गेलंय, पण ही गोष्ट गप्पांत कधी येत नाही. मला स्वतःला ती योगायोगानेच सापडली.

पुण्याच्या त्या घरात मोजायला यंत्र कुठलं होतं? एकही नाही. होती ती एका बाईची वही. आणि वहीत 'बाटली पडली' यापेक्षा 'बाटली फेकली गेली' असं लिहिलं की अर्धं काम झालेलं असतं. फेकणारा कोण हा प्रश्न त्या क्रियापदातच बसलेला आहे.

आता हा हॅरी प्राइस. आमच्यासारख्या जुगाडू इंजिनिअरला तो आवडणारच, कारण भूत शोधायला तो पेटी भरून सामान घेऊन जायचा. पेटीत काय? पायांचा आवाज होऊ नये म्हणून नमद्याचे जोडे, मोजपट्टी, दारं-खिडक्या सीलबंद करायला शिसं आणि फीत, थर्मामीटर, कॅमेरा, बोटांचे ठसे उठवायला ग्रॅफाइटची पूड, जमिनीचा हादरा कळावा म्हणून पाऱ्याची वाटी. आणि विजेच्या घंटा, कोरड्या बॅटऱ्या, लपवून लावायचे स्विच. कोणी दार उघडलं की स्विच जुळणार, घंटा वाजणार. मंडळी, हे आपलं स्मार्ट होमच झालं की. फक्त वायफाय नाही. (पेटीत ब्रँडीची बाटलीही असायची. घाबरून कोणाला भोवळ आली तर म्हणे.)

प्राइसने १९२९ च्या सुमारास रुडी श्नायडर या ऑस्ट्रियन माध्यमाला लंडनला बोलावलं. अंधाऱ्या खोलीत रुडी समाधीत जायचा आणि वस्तू हलायच्या. हातचलाखी नको म्हणून प्राइसने रुडीचे आणि आजूबाजूला बसलेल्या सगळ्यांचे हातपाय विजेच्या सर्किटमध्ये घेतले. प्रत्येकाचा एक दिवा. हात किंवा पाय सुटला की तो दिवा विझणार. दिवे विझले नाहीत, वस्तू मात्र हलल्या, आणि रुडीचं नाव झालं.

पुढचा प्रयोग माझा सर्वांत लाडका. १९३०-३१ मध्ये पॅरिसला डॉ. यूजेन ऑस्टी यांनी याच रुडीसमोर टेबलावर वस्तू ठेवली आणि तिच्याभोवती इन्फ्रारेड किरणांचं कुंपण घातलं. डोळ्यांना न दिसणारा किरण. कोणी हात घातला की किरण अडणार, घंटा वाजणार, कॅमेरा झपकन फोटो काढणार. म्हणजे तुमच्या लिफ्टच्या दारात असतो तो सेन्सर, नव्वद वर्षांपूर्वी, भुतासाठी. घंटा वाजली, फोटो निघाले. फोटोत काहीच नाही, रुडी आपल्या जागेवर. ऑस्टींनी निष्कर्ष काढला की न दिसणारं काहीतरी किरण शोषून घेतंय.

इथे थांबून मी इंजिनिअर म्हणून बोलतो. सर्किट काय सांगतं? 'प्रकाश इतक्या टक्क्यांनी कमी झाला.' बस. धूळ, व्होल्टेज, किरणाचा दिवा गरम होणं, कोणाची चलाखी, यातलं काहीही असेल. 'न दिसणारं काहीतरी' हे शब्द सर्किटचे नाहीत, डॉक्टरांचे आहेत. पुढे प्राइसनेच एक फोटो छापला. त्यात रुडीचा एक हात मोकळा सुटलेला दिसत होता. ऑस्टींच्या प्रयोगाचा निकाल त्याने लागत नाही, पण ज्या माणसावर दिव्यांचा एवढा पहारा होता त्याच्याबद्दलचा विश्वास गेला तो गेलाच.

१० मार्च १९३६ ला प्राइसने बीबीसीवर एका झपाटलेल्या घरातून थेट प्रक्षेपण केलं. आजच्या भुताच्या पॉडकास्टचे आजोबाच म्हणा. ठळक असं काहीच घडलं नाही, तरी लोक कान लावून बसले. दुसऱ्या वर्षी त्याने बोर्ली रेक्टरी हे बदनाम घर भाड्याने घेतलं, टाइम्समध्ये जाहिरात देऊन निरीक्षक गोळा केले, ४८ जण. आणि त्यांच्या हातात एक पुस्तिका दिली. त्या घरात काय काय होतं, कशाकडे लक्ष ठेवायचं, सगळं आधीच लिहिलेलं. आता त्या माणसाला रात्री उंदराची खुडबुड ऐकू आली तर तो उंदीर लिहील का?

माझ्या 'कोणीतरी आहे'मध्ये आणि प्राइसच्या पुस्तिकेत काय फरक होता, सांगा.

मे महिना सुरू झाला आणि संदेश यायला लागले. रात्री दोन-अडीचला. 'माजघरात कोणीतरी आहे.' आजी आपल्या खाटेवर, काकू अंगणात झोपलेली. बल्ब आपोआप लागलेला. पहिल्यांदा आजीला बरंच वाटलं. फोनवर म्हणाली, "तुहे आबाजी येऊन जात असतीन रे." मी हसलो. मला वाटलं, गोड आहे, राहू दे. ती माझी पहिली चूक.

दहा-बारा दिवसांत गोष्ट आजीच्या हातून निसटली. संदेश ज्यांना जात होते त्यातल्या एकाने तो गावातल्या ग्रुपवर टाकला. आबाजी शांत का नाहीत? घरात आहे कोण? काका अकाली गेले, वर्षभरात म्हाताराही गेला, आणि मागे उरली ती ही बाई. बोलणं कुठे वळतं हे गावात वाढलेल्याला सांगायला नको. काकू रात्री उठून काहीतरी करते, असं कोणी म्हणालं. कोणाला तरी परसात लिंबू दिसलं. परसात लिंबाचं झाड आहे हो आमच्या. मग एक बुवा सुचवण्यात आला आणि तो येईपर्यंत काकूने माहेरी राहावं असं ठरलं. मी फोनवर भांडलो. समोरून उत्तर आलं, "आम्ही कोठं म्हनतो? तुह्या मोबाइलनंच सांगतलं ना."

विदर्भ-मराठवाड्यात भानामती हा शब्द ज्याने ऐकलाय त्याला हा रस्ता माहीत आहे. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. श्याम मानव यांनी नागपुरात १९८२ मध्ये सुरू केलेली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि पुढे १९८९ पासून डॉ. नरेंद्र दाभोलकरांची महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती, दोघांनी अशी प्रकरणं वर्षानुवर्षं हाताळली. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की भाजल्यासारखा डाग पडतो. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडलं की काडी न लावता जाळ होतो, हे तर कार्यकर्ते गावोगाव करून दाखवतात. पण मला त्यांच्या पद्धतीतली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ते यंत्र लावत नाहीत. घरातल्या एकेकाला वेगळं बसवून बोलतात. बहुतेक वेळा करणारं माणूस घरातलंच असतं, कसल्यातरी दडपणाखाली असलेलं, बरेचदा लहान मुलगी किंवा सून. ते सापडलं की त्याचं नाव चारचौघांत सांगत नाहीत. प्रकार थांबतो, माणूस घरात राहतं.

पुण्याच्या त्या दामोदरचा विचार करा. त्याच्याभोवती पाहुणे, निरीक्षक, वही. त्याला कोणी बाजूला बसवून विचारलं का, की बाळा, तुला काय होतंय? लेख आला तो वस्तूंच्या उडण्याबद्दल.

आणि कायदाही आहे. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण आणि एखाद्यावर करणी-जादूटोण्याचा आळ घेऊन त्याचं जगणं मुश्कील करणं हे त्यात गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड. पण आळ कोणी घेतला हे आमच्या घरात सांगताच येत नव्हतं. सगळे माझ्या मशीनकडे बोट दाखवत होते.

मी रजा टाकून गावी गेलो. काकू माहेरी निघून गेली होती. बुवा अजून आला नव्हता, ते नशीब.

आता तांत्रिक भाग, पण सोपा आहे. हा सेन्सर माणूस ओळखत नाही, हालचालही ओळखत नाही. त्याच्या समोरच्या भागात उष्णता एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की त्याच्या पिनवर व्होल्टेज चढतं, एवढंच. आपल्या ताडोबा-टिपेश्वरच्या जंगलात वन खात्याचे कॅमेरे लावलेले असतात तेही बहुतांशी याच तत्त्वावर. वाघ भिंतीपेक्षा गरम, म्हणून दिसतो. पण यवतमाळच्या मे महिन्यात बाहेर ४४-४५, आत भिंती ३६-३७ वर. माणसाची कातडीही तेवढीच. सेन्सरला फरकच उरत नाही. मी भर दुपारी माजघरातून चार वेळा चाललो, त्याने एकदाही मला पाहिलं नाही. आजीला पडताना पाहण्यासाठी लावलेलं यंत्र ज्या महिन्यात सर्वांत जास्त गरज होती त्याच महिन्यात आंधळं होतं. माझी दुसरी चूक.

मग रात्रीचे संदेश? चिपमध्ये एक आकडा असतो: सुरू होऊन किती सेकंद झाले. तो मी नोंदवत होतो, बघत मात्र नव्हतो. अकरा संदेश काढून ओळीने ठेवले. त्यातले नऊ संदेश चिप सुरू झाल्यापासून पहिल्या मिनिटाच्या आत आले होते. म्हणजे रात्री लाइन जायची, थोड्या वेळाने यायची. लाइन आली की हा सेन्सर स्थिर व्हायला तीस सेकंद ते एक मिनिट घेतो आणि तेवढ्यात खोटेच एक-दोन इशारे देतो. ही गोष्ट हा सेन्सर वापरणाऱ्या कोणालाही माहीत असते, मलाही होती. पहिलं मिनिट सोडून द्यायला कोडची एक ओळ लागते. ती मी लिहिली नव्हती. आणि बल्ब? बरेच स्मार्ट बल्ब वीज परत आली की आपोआप लागतात, तशीच त्यांची मूळ सेटिंग असते. आजीला जाग यायची ती कूलर बंद पडल्याने, आणि डोळे उघडेपर्यंत बल्ब लागलेला. उरलेले दोन संदेश मांजराचे असावेत असं मी समजतो.

गावातल्या लोकांना जमवून मी मेन स्विच बंद केला, परत चालू केला. बल्ब लागला, सगळ्यांच्या खिशात एकदम टिंग झालं. 'माजघरात कोणीतरी आहे.' दोन-तीन जण हसले. एकजण म्हणाला, "असन बा, पन लाइन नेमकी तवाच काऊन जाते?" त्याला उत्तर द्यायचं मी टाळलं. रोहित्रावर दोषारोप करून तिथे एक नवीन भूत उभं करायची इच्छा नव्हती.

कॉव्हेंट्रीच्या विक टँडी या इंजिनिअरची गोष्ट यानंतर मी वाचली. प्रयोगशाळेत त्याला कडेला करडी आकृती दिसायची, अंगावर काटा यायचा. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात लावलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरायला लागलं, तेव्हा त्याने शोध घेतला आणि नवीन लावलेल्या पंख्याचा, कानाला ऐकू न येणारा, १९ हर्ट्झच्या आसपासचा आवाज त्याला सापडला. १९९८ मध्ये त्याने त्यावर निबंध लिहिला. तो आवाज आणि आकृती यांचा संबंध कितपत पक्का यावर पुढे वाद झाले, पण मला त्याचा क्रम आवडतो. त्याने आधी पातं पाहिलं. बाईकडे कोणी पाहिलं नाही, कारण त्या खोलीत बाई नव्हती.

काकूला आणायला मी स्वतः गेलो. तिने लगेच होकार दिला नाही. सेन्सर, पहिलं मिनिट, वीज, सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दिवसभर मी त्याच्या पुढून कामं करतो, मले तं त्यानं पाह्यलं नाही. अन् रातच्याले मेलेल्या मानसाले पाह्यते म्हंते." मग ती दोन आठवड्यांनी आली, आजीचा फोन गेल्यावर. माझ्या सांगण्याने नाही.

कोडमध्ये ती एक ओळ घातली. संदेशही बदलला. आता येतं: 'सेन्सर १, सिग्नल, चालू होऊन इतके सेकंद.' नातेवाइकांना हा संदेश कंटाळवाणा वाटला, दोघांनी बंदच करून टाकला. आजीसाठी उशाशी एक साधी बटणाची घंटा लावली, दाबली की काकूच्या खाटेजवळ वाजते.

दिवाळीला गेलो तेव्हा सेन्सरवर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला होता. कोणी बांधला ते विचारलं नाही. तसाच आहे अजून.